उभ्या इंजिनाचे आरे

१

माझा कॅमेरा साध्या डब्याचा. त्याच्या झडपेला वेग एकच आणि तोही मंद, त्यामुळे धावत्या गाडीचा फोटो घेतला की कागदावर राखाडी फराटा उमटतो. भादलीजवळ रुळांशेजारी, कपाशीच्या शेतात उभं राहून मी असे पुष्कळ फराटे जमवले आणि शेवटी उभ्या इंजिनांकडे वळलो. जे हलतं ते पुसट, जे स्थिर ते स्वच्छ. इतका सरळ कायदा माणसांच्या जगात मला कुठे सापडला नव्हता.

मी जळगावला शाळेत विज्ञान शिकवतो. पुण्याहून पदवी घेऊन आलो तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात गाव बदलून टाकू. फैजपूरच्या अधिवेशनात स्वयंसेवक म्हणून राबलो, भाषणं ऐकली, भाषणं केली. गाव जिथल्या तिथे राहिलं. मग हा नाद लागला. लोक देवळांचे फोटो काढतात, मी इंजिनांचे काढायचो. इंजिनाला जात नाही, सोवळं नाही. कोळसा कुणीही टाकला तरी ते चालतं.

दर रविवारी सायकल काढून मी नशिराबादच्या पुढे खडीच्या खाणीवर जायचो. खाण एका कंत्राटदाराची. तिथून मोठ्या रुळांपर्यंत त्याची स्वतःची छोटी लाइन आणि लाइनीवर एकच जुनं इंजिन. त्याची पितळी पाटी कुणीतरी केव्हाच उपटून नेली होती. दगडाची भुकटी बसून बसून ते करडं झालं होतं, म्हणून सगळे त्याला भुरी म्हणत, एखाद्या म्हशीला म्हणावं तसं. रविवारी खाण बंद असे. आग विझवलेली भुरी शेडच्या तोंडाशी, राखेच्या खड्ड्यावर, भर उन्हात उभी असे. फोटोला याहून चांगलं काय हवं.

पितांबरआबा तिचे ड्रायव्हर. धुळ्याकडचे, बोलणं थोडं. वेस्ता तिच्या भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, सातपुड्याच्या पायथ्याचा, माझ्याच वयाचा. इंजिन थंड झालं की वेस्ता रुळांमधल्या खड्ड्यात उतरायचा, पुढच्या चाकांच्या मधून पाठीवर सरकत भट्टीखाली जायचा आणि राख ओढून काढायचा. त्याची बायको दिवालीबाई खाणीत खडी फोडायची. रविवारी ती खड्ड्याच्या काठावर बसून त्याच्याशी बोलत राहायची. आतल्या माणसाचा आवाज येत राहिला पाहिजे, अशी तिथली पद्धतच होती.

"घरमा मीठ नही शे," ती म्हणायची.

"मंग मना घाम ले," चाकांच्या मधून उत्तर यायचं.

२

दसऱ्याला भुरीपुढे बोकड कापत. आदल्या वर्षी मी ते पाहिलं होतं. दोघांनी पाय धरले, एकाने शिंगं ओढून मान रुळावर ताणली आणि कोयता पडला. मान पहिल्या घावात तुटली नाही. बोकड अर्ध्या मानेने ओरडत राहिला आणि ते ओरडणं गळ्यातून नाही, कापल्या जागेतून येत होतं. दुसऱ्या घावाने शीर रुळाच्या आत पडलं. मग आबांनी वाफ सोडली आणि पुढचं चाक त्या रक्तावरून बरोबर एक फेरा पुढे नेलं. पूर्ण एक. चाकाची कड सगळीकडून लाल झाली तेव्हा इंजिन थांबवलं आणि सगळ्यांनी एकमेकांना सोनं वाटलं.

माझ्या इंजिनापुढे हे. मी वर्षभर धुमसत होतो.

या दसऱ्याला मी कुंकू भरलेला कोहळा घेऊन गेलो. आधी समजावलं. कुणी ऐकेना. बोकडाची मान रुळावर आली तेव्हा मी त्याला ढकलून दिलं आणि माझी मान तिथे ठेवली. रूळ तापलेला होता, कान भाजत होता.

"रक्तच हवं ना तिला?" मी ओरडलो. "मग बोकडाऐवजी माणसाचं घ्या. माझं घ्या."

कोयतावाला दोन पावलं मागे सरला. पितांबरआबा इंजिनावरून खाली उतरले.

"मास्तर, ऊठ. हाई जागा मस्करीनी नही शे."

"मी मस्करी करत नाही आबा."

"तेच सांगस मी. ऊठ."

मी उठेना, तेव्हा वेस्ताने मला बखोटीला धरून ओढलं. ओढताना त्याचा तोल गेला आणि तो गुडघ्यावर, रुळावर हात टेकून पडला, मी होतो तिथेच. "तुनी मान भलती बारीक शे मास्तर," तो उठता उठता म्हणाला. "भुरीना दातमा अडकी."

आबांनी बोकडाचा दोर सोडून दिला. "आते बोकड कापता येवाव नही," ते एवढंच म्हणाले. मला वाटलं, जिंकलो.

कोहळा रुळावर ठेवला. आबांनी वाफ सोडली. चाक कोहळ्यावर चढलं, गर दोन्ही बाजूंना उडाला आणि चाक घसरलं. जागच्या जागी गरगर फिरू लागलं, ठिणग्या उडाल्या, सहाणेवर सुरा घासावा तसा बारीक, लांबच लांब आवाज झाला. इंजिन वीतभरही पुढे गेलं नाही. आबांनी वाफ बंद केली आणि भुरी मागे घेतली.

मी सगळ्यांना घर्षणाचा नियम समजावून सांगितला. आबा रुळाकडे बघत होते.

"फेरा व्हयना नही," ते म्हणाले.

३

त्यानंतरच्या रविवारी फोटो घेतले. भुरी थंड होती. झडप दाबायच्या आधी मी स्वतः पुढच्या चाकावर हात ठेवून पाहिला होता.

जळगावात सुनंदाबाईंच्या घरामागची खोली माझ्याकडे होती. सुनंदाबाई एकट्याच असत, पाठीवरचा पदर सावरत दिवसभर मला टोमणे मारत आणि संध्याकाळी न चुकता गरम भाकरी देत. त्यांच्या मोरीचं दार गोधडीने झाकून, कंदिलाला लाल फडकं बांधून मी फिल्म धुवायचो. छाप मात्र अंगणात, उन्हावर काढायचा. काचेच्या चौकटीत फिल्मखाली कागद ठेवला की ऊन आपलं काम करतं.

"काय हो मास्तर, पापड वाळत घातलेत की काय?" सुनंदाबाई भिंतीच्या सावलीत, माझ्या सायकलच्या चाकाला पाठ टेकून गहू निवडत होत्या. ती त्यांची ठरलेली जागा.

"इंजिन वाळतंय."

"इंजिनाला सून म्हणून आणू नका म्हणजे मिळवलं."

कागदावर आधी चिमणी आली. मग बॉयलरवरचे रिव्हेट, एक एक मोजता येतील असे. शेजारी उभ्या वेस्ताचे दात. मग चाक.

पुढच्या चाकाला आरे नव्हते. आऱ्यांच्या जागी दुधट, गोल पडदा होता. वेगाने फिरणारं चाकच तसं दिसतं.

कॅमेरा हलला असता तर सगळंच पुसट आलं असतं. भिंगावर डाग असता तर तो गोल, नेमका चाकाएवढा नसता. मागचं चाक स्वच्छ होतं. वेस्ताचा हात पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर होता आणि त्याच्या नखांतला कोळसासुद्धा दिसत होता.

फिल्म खराब, असं मी ठरवलं. ठरवल्यावर बरं वाटलं.

४

पुढच्या रविवारी तो छाप मी खाणीवर नेला. वेस्ताने तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"फोटोमा चाक फिरस," तो म्हणाला. "मंग मी आठे हप्ताभर कसाले कोळसा टाकस? फोटोलेच खडी ओढू दे."

दिवालीबाई हसली नाही. "आज खाले जाऊ नको," ती त्याला म्हणाली.

"राख तू काढशी का?"

शेडमध्ये तो आवाज होता. मी आधी लक्ष दिलं नव्हतं. बारीक, सलग, सहाणेवर सुरा घासल्यासारखा. पत्रे उन्हाने तापले की करकरतात, पण ते थांबून थांबून. हा थांबत नव्हता. मी भुरीच्या चाकाला कान लावला. लोखंड उन्हाने पोळत होतं, कान भाजला, आणि चाक मुकं होतं. मागे सरलो की आवाज पुन्हा सुरू.

"आबा, ऐकू येतंय का?"

"दसरापाईन येस," ते विडी न पेटवता तोंडात धरून म्हणाले.

मी छाप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एकदा पाहिला आणि तोंड फिरवलं. मला राग आला. या माणसांच्या गप्प बसण्याचा मला नेहमीच राग येतो.

"मग देऊन टाकू का तिला बोकड? तेवढ्याने समाधान होईल तुमचं?"

"आते बोकडवर भागाव नही." ते माझ्या डोळ्यांकडे नाही, मानेकडे बघत होते. "तू तिले माणूस बोलना."

मी बाभळीच्या दोन जाड पाचरी आणल्या आणि पुढच्या चाकाला दोन्ही अंगांनी घणाने ठोकून बसवल्या. ब्रेक आवळला. मग फोटो घेतला. वेस्ता खाली गेला, दिवालीबाई बोलत राहिली, तो उत्तरं देत राहिला, राख निघाली आणि तो वर आला. पाचरीला ओरखडाही नव्हता. मी त्या सोमवारपर्यंत तशाच राहू द्यायला सांगितलं. दर रविवारी अशाच ठोकायच्या, म्हटलं.

येताना मी शीळ घालत आलो.

५

शाळेच्या गडबडीत फिल्म धुवायला आठवडा सरत आला. छाप काढला तेव्हा ऊन कडक होतं. चिमणी आली, रिव्हेट आले. चाक पुन्हा दुधट. चाकाच्या खाली, मी घणाने ठोकलेल्या बाभळीच्या पाचरीच्या जागी, पिंजलेल्या कापसासारखा ढीग होता. लाकडाचे तंतू होते ते. काही अजून हवेत होते.

ती पाचर मी हाताने चाचपून आलो होतो.

त्या चाकाच्या आत, वीतभर अंतरावरून, वेस्ता दर रविवारी पाठीवर सरकत जातो.

मी वर्गात सांगतो की जे पुन्हा पुन्हा घडतं ते मानायचं, आवडो न आवडो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सरळ जावं, वेस्ताला बखोटीला धरून खड्ड्यापासून दूर ओढावं, एवढंच करायचं होतं. पण रिकाम्या हाताने जाऊन काय सांगणार होतो त्या सगळ्यांना? ज्यांच्यापुढे मान ठेवून भाषण केलं त्यांना? मी ठरवलं, बोकड घेऊन जाऊ. आबांचं काही का म्हणणं असेना. मीच मोडलं, मीच पुरं करीन, माझ्याच हाताने.

६

नशिराबादला बोकड मिळायला वेळ गेला. काळा, तरणा, जोराचा. तो चालेना. खाणीची वाट लागल्यापासून त्याने चारही पाय रोवले आणि दोर मागे ताणला. मी ओढलं, लाथा घातल्या, शेवटी त्याचे पाय बांधून त्याला सायकलच्या मागे आडवा टाकला. तो डोकं आपटत राहिला, शिंगं चाकाच्या तारांत अडकत राहिली. दोनदा पडलो. कोपर फुटलं. बोकडाच्या तोंडातून फेस येत होता आणि मी त्याला शिव्या देत होतो, ज्याला वाचवायला मान ठेवली होती त्याच्याच जातीच्या जनावराला.

आवाज शेतातूनच ऐकू आला. आता तो बारीक नव्हता.

शेड दिसली. भुरी उन्हात उभी होती, चाकाला पाचरी तशाच. दिवालीबाई काठावर बसली होती, पाठमोरी.

"तुनी माय येणार शे का पोळाले?" ती विचारत होती.

"पोळा गया ना येडी," आतून वेस्ताचा आवाज आला. "आते दिवाळीले ई."

मी ओरडलो. दिवालीबाई वळली नाही. पुन्हा ओरडणार, तेवढ्यात आवाज थांबला.

सगळं एकदम गप्प झालं. माझ्या हातातला दोर सैल पडला. बोकड धडपडायचा थांबला होता. त्याने सायकलवरूनच मान लांब केली आणि तो वाटेकडेचं वाळलं गवत शांतपणे तोडून खाऊ लागला.

"एकटी ई का पोरेसले लई ई?" दिवालीबाईने विचारलं.

उत्तर आलं नाही.

"ऐकस का? एकटी ई का?"

मी सायकल टाकून पळत होतो आणि ती त्याच सुरात, तोच प्रश्न, पुन्हा विचारत होती.

७

त्याला बाहेर काढायला आबा आणि मी दोघं खड्ड्यात उतरलो. मी खांदे धरले. खांदे आले. बाकीचं मागे राहिलं. कमरेशी त्याचे दोन भाग झाले होते, कडा भाजल्यासारख्या, आणि राखेत रक्त मुरत नव्हतं, वर तरंगत होतं. दिवालीबाईने खड्ड्यात उडी टाकली. मी तिला अडवलं तेव्हा तिने माझ्या मनगटात दात रोवले. सोडवायला आबांना तिचा जबडा धरावा लागला.

पोलिसांनी लिहिलं, ब्रेक सुटला. ब्रेक आवळलेला होता. पाचरी होत्या तिथेच होत्या, कोऱ्या करकरीत. भुरी केसभरही हलली नव्हती. पुढच्या चाकापुढे रुळावरची धूळसुद्धा मोडली नव्हती.

पण मी वाकून पाहिलं. चाकाची कड सगळीकडून ओली होती. खाली, बाजूंना, आणि वर, पत्र्याच्या आत, जिथे हात पोचत नाही तिथेही. चाकाच्या माथ्यावरून थेंब आऱ्यांवर पडत होते, एका आऱ्यावरून दुसऱ्यावर. उभ्या इंजिनाच्या चाकाचा माथा कशाने भिजतो, हे मी कुणाला विचारलं नाही.

आबा पागोट्याने हात पुसत होते.

"फेरा व्हई गया," ते म्हणाले.

"म्हणजे संपलं?"

"भुरीपुरतं संपनं." ते पुन्हा माझ्या मानेकडे बघत होते.

माझी सायकल खड्ड्याच्या काठाशी, रक्तात आडवी पडली होती. कुणीतरी तिथवर ओढत आणली असेल. मी ती उचलली, बोकडाचे पाय सोडले, तो आपण होऊन मागून चालू लागला. रस्त्याच्या धुळीत पुढच्या चाकाच्या दर फेऱ्याला एक लाल ठिपका उमटत होता. जळगाव येईतो उमटत होता.

८

बोकड मी ठेवून घेतला. कापवेना, विकवेना. सुनंदाबाई त्याला भाकरीचे तुकडे घालू लागल्या.

दिवाळीनंतर दिवालीबाई आली. ती गावी निघाली होती, डोंगराकडे, कायमची. वेस्ताचा फोटो हवा होता. दसऱ्याच्या आधीचा एक मी तिच्यासाठी काढून ठेवला होता. त्यात तो चाकाला टेकून उभा आहे आणि चाकाचे आरे स्वच्छ आहेत. तिने तो पदरात गुंडाळला. माझ्या मनगटावरचे वण तिने पाहिले.

"मना बी एक काढ," ती म्हणाली. "सासूले देसू. दोन्ही जवळ ठेवी ती."

कॅमेऱ्यात एक फोटो उरला होता. मी तिला अंगणात, भिंतीशी उभं केलं. शेजारी सायकल टेकवलेली, पलीकडे बोकड. झडप उघडली, मिटली. छाप टपालाने पाठवतो म्हणालो. ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिल्म वाळली. चौकट उन्हात ठेवली. सुनंदाबाई सूप घेऊन आल्या आणि सायकलच्या पुढच्या चाकाला पाठ टेकून बसल्या.

"आज कोण वाळतंय?"

"दिवालीबाई."

"गरीब बिचारी," त्या म्हणाल्या आणि गहू पाखडू लागल्या.

कागदावर आधी भिंत आली. मग दिवालीबाईचं कपाळ, नाकातली चमकी, घट्ट मिटलेले ओठ. बोकडाची शिंगं स्वच्छ. सायकलचा दांडा स्वच्छ. मागचं चाक आलं, त्याच्या तारा मोजता येत होत्या. पुढचं चाक आलं.

तारा नव्हत्या. दुधट, गोल पडदा.

तेव्हाच मला तो ऐकू आला. बारीक, सलग. किती दिवस येत होता कोण जाणे. मी त्याला शेजारची पिठाची गिरणी समजत होतो. गिरणी दुपारी बंद असते.

"मास्तर, या बोकडाला काय झालं बघा," सुनंदाबाई म्हणाल्या. बोकड अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, दोर तुटेल इतका ताणून, चारही पाय रोवून उभा होता. "गळफास बसेल त्याला."

"तिथून उठा."

"का बाई? सावली इथेच आहे."

"उठा म्हणतो ना."

"आधी हे सूप होऊ द्या. नुसती घाई तुमची."

स्वयंपाकघरात विळी होती. मला एवढंच सुचलं की या वेळी बोकड हाताशी आहे, दोन पावलांवर आहे, या वेळी उशीर होणार नाही. मी आत धावलो. विळी भिंतीला उभी होती. उचलताना पातं तळहातात रुतलं, मी ती सोडली नाही. उंबऱ्यापाशी आलो आणि आवाज थांबला.

अंगणात ऊन होतं. सायकल होती तशीच भिंतीला टेकलेली. बोकडाचा दोर सैल पडला होता आणि तो मान खाली घालून, सांडलेले ओले गहू एक एक करून खात होता.